राखेच्या बांधावरचा आवाज

लिव्हरपूल शहरातल्या ॲनफिल्ड मैदानाच्या एका कोपऱ्यावर, वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला, एक उंच डोलकाठी उभी आहे. तिच्यावर लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा झेंडा फडकतो. ही डोलकाठी ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाची. इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेलनं बांधलेलं, १८५८ साली पाण्यात उतरलेलं, २११ मीटर लांबीचं हे जहाज तेव्हा जगात सर्वांत मोठं होतं. प्रवासी वाहतुकीत ते तोट्यातच चाललं, पण समुद्रतळाशी तारायंत्राच्या केबल टाकण्याच्या कामात त्यानं नाव काढलं. मुंबईपासून एडनपर्यंतची केबल १८७० साली याच जहाजानं टाकली आणि मुंबईची तार समुद्रमार्गे थेट विलायतेला पोचू लागली. पुढे ते मर्सी नदीच्या काठावर मोडीत निघालं. त्याच्या एका डोलकाठीचा वरचा भाग नदीपार आणला, घोडे जुंपून चढावरून ओढत नेला आणि मैदानाच्या कोपऱ्यात रोवला. मुंबईचा कापूस ज्या बंदरात उतरायचा, त्या बंदराच्या मैदानावर मुंबईची केबल टाकणाऱ्या जहाजाची काठी आजही उभी आहे.

त्या काठीला लागून, गोलपोस्टच्या मागे जे एकसलग उताराचं प्रचंड स्टँड आहे त्याला ‘कॉप’ म्हणतात. ॲनफिल्डचा विषय निघाला की लिव्हरपूलचा चाहता आधी कॉपबद्दल बोलतो. उत्तरार्धात कॉपच्या दिशेनं चढाई करायला मिळावी ही संघाची जुनी रीत. पाहुण्या कर्णधारानं नाणेफेक जिंकून मुद्दाम बाजू फिरवली, तर सामना सुरू व्हायच्या आधीच कॉपवरून हुर्यो उठते. शेवटच्या वीस मिनिटांत कॉप चेंडू गोलजाळ्यात ओढून घेतो, असं इथले लोक अगदी मनापासून मानतात.

मी कोल्हापूरची. वडिलांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर जायचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावं शाळेतल्या कवितांच्या आधी पाठ झाली. आमच्याकडे संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची, त्यामुळे सामना हरला की अख्ख्या गल्लीत रात्री कुणाला जेवण गोड लागत नाही. पुढे स्थापत्य अभियंता झाले, नोकरीनिमित्त लिव्हरपूलला आले आणि इथल्या जुन्या विटांच्या इमारतींच्या डागडुजीत माझे दिवस जातात. त्यामुळे कॉप कसा बांधला, कसा पेलला, कसा बदलला, याची मला पहिल्यापासून ओढ. त्याचा इतिहास वाचत गेले, तिकीट मिळालं की तिथे जाऊन गात गेले, तसं माझं एक मत पक्कं झालं. मैदान क्लबचं असतं. स्टँड मात्र तिथे उभं राहणाऱ्यांचं होतं. तो हक्क त्यांना कुणी बहाल करत नाही. तो ते पिढ्यान्‌पिढ्या मिळवत राहतात.

या स्टँडला नाव मिळालं ते एका पराभवावरून. जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात बोअर फौजेनं लेडीस्मिथ शहराला वेढा घातला होता. तो फोडायला निघालेल्या जनरल बुलरच्या सैन्याला तुगेला नदीपलीकडची टेकड्यांची रांग आडवी आली. त्या रांगेतली मोक्याची उंच टेकडी म्हणजे स्पिऑन कॉप. २३ तारखेच्या रात्री ब्रिटिश शिपाई अंधारात आणि धुक्यात ती चढून गेले. माथा हाती आला असं समजून त्यांनी खंदक खणायला घेतला, पण खाली कातळ लागला. खंदक जेमतेम गुडघाभर झाला. सकाळी धुकं विरल्यावर कळलं, की माथ्याची खरी कड आणखी पुढे आहे आणि शेजारच्या टेकड्यांवरून बोअरांच्या बंदुका आणि तोफा नेमक्या या उथळ चरावर रोखलेल्या आहेत. दिवसभर माणसं पडत राहिली. रात्री ब्रिटिशांनी टेकडी सोडली. ज्या चरात शिपाई लढले, त्यातच त्यांना मूठमाती मिळाली.

त्या माथ्यावरच्या बऱ्याच पलटणी लँकेशायर परगण्याच्या होत्या आणि लिव्हरपूल तेव्हा त्याच परगण्यात मोडायचं. या रणात आपली माणसंही होती. नाताळमध्ये वकिली करणाऱ्या तरुण गांधीजींनी तिथल्या हिंदी लोकांचं एक शुश्रूषा पथक उभं केलं होतं. त्यात सुमारे ११०० माणसं होती आणि बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. स्पिऑन कॉपच्या लढाईत हे पथक गोळीबाराच्या टप्प्यात शिरून काम करत होतं. जखमींना स्ट्रेचरवर घेऊन दिवसाला वीस ते पंचवीस मैल चालावं लागायचं, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलं आहे. कॉपवर उभी असले की मला त्या मजुरांची हटकून आठवण येते. लँकेशायरची जखमी पोरं ज्यांनी वाहून नेली त्यांत हिंदी खांदे होते, हे इथल्या माणसांना मी आवर्जून सांगते आणि ते आदरानं ऐकून घेतात.

आता ॲनफिल्डकडे येऊ. १८८४ साली या मैदानावर खेळायला लागला तो एव्हर्टन क्लब. जागेचे व्यवहार जॉन हौल्डिंग या बिअरच्या कारखानदाराच्या हातात होते. भाड्यावरून आणि कारभारावरून त्याचं क्लबमधल्या इतरांशी बिनसलं आणि १८९२ मध्ये एव्हर्टन स्टॅन्ली पार्क ओलांडून गुडिसन पार्कला निघून गेला. हौल्डिंगकडे मैदान उरलं, संघ उरला नाही. त्यानं नवा संघ उभा केला, तो लिव्हरपूल. १९०१ आणि १९०६ अशी दोनदा लीग जिंकल्यावर गर्दी मावेना. तेव्हा वॉल्टन ब्रेक रोडच्या टोकाला मोठा चढ उभारायचं ठरलं आणि ते काम आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याकडे गेलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण कॉप मातीचा का झाला याचं कारण एका अपघातात आहे. एप्रिल १९०२ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना पोलादी सांगाड्यावर बसवलेल्या लाकडी पायऱ्या खचल्या. माणसं त्या भगदाडातून थेट खाली जमिनीवर कोसळली. २५ जणांचा जीव गेला. ते स्टँड लीचनंच आखलेलं होतं आणि त्या दिवशी तो स्वतः मैदानात हजर होता. त्यानंतर मोठ्या गर्दीचे चढ अधांतरी सांगाड्यांवर न ठेवता भरीव भरावावर घालण्याची रीत रुजली. ॲनफिल्डला शहरातली राख, कोळशाचा चुरा आणि माती दाबून बांध घातला गेला आणि त्यावर पायऱ्या बसवल्या. पायऱ्यांवर जागोजागी लोखंडी नळ्यांचे अडसर उभे केले, म्हणजे मागच्यांचा रेटा पुढच्यांच्या छातीवर न येता त्या नळीवर यावा. भराव म्हणजे हजारो चुलींची आणि कारखान्यांच्या भट्ट्यांची राख. शहरानं जाळलेल्या कोळशावरच शहराची माणसं उभी राहिली.

लिव्हरपूलच्या ‘डेली पोस्ट’ आणि ‘एको’ या वृत्तपत्रांचा क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यानं या नव्या बांधाला स्पिऑन कॉप म्हणावं असं सुचवलं. हे नाव त्याआधी १९०४ मध्ये लंडनजवळ आर्सेनलच्या जुन्या मैदानावरच्या चढालाही दिलं गेलं होतं; चढावर उभ्या गर्दीची आकाशावर उमटलेली रेघ पाहून कुणा पत्रकाराला ती टेकडी आठवली होती. पुढे इंग्लंडभर अनेक मैदानांवर कॉप झाले. लीड्सला झाला, बर्मिंगहॅमला झाला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरही झाला. पण लढाईला सहाच वर्षं झाली होती आणि त्या टेकडीवर पडलेल्यांची घरं याच परगण्यात होती. त्यामुळे लिव्हरपूलमध्ये ते नाव लोकांनी घरातल्या नावासारखं उचललं. राजाचं, मालकाचं, देणगीदाराचं नाव द्यायची पद्धत असलेल्या काळात या स्टँडवर साध्या शिपायांच्या मरणाची आठवण कोरली गेली आणि ती टिकली.

१९२८ मध्ये कॉप आणखी वाढवला आणि त्यावर छप्पर चढवलं. सुमारे शंभर पायऱ्या, एकाच छपराखाली २८,००० च्या आसपास माणसं आणि सगळी उभी. छप्पर घातलं ते पावसासाठी, पण त्यानं कॉपला आवाज दिला. उघड्या चढावर माणूस ओरडला की आवाज वर जाऊन विरतो. इथे मागे भिंत, वर पत्रा आणि सगळा उतार मैदानाकडे झुकलेला. त्यामुळे आवाज मागे आपटून, वरून परतून पुन्हा मैदानावर येतो. शिवाय कॉप एकाच मजल्याचा आहे. मजल्यांवर मजले चढवलेल्या स्टँडमध्ये गर्दीचे तुकडे पडतात, वरच्यांना खालचे दिसत नाहीत. कॉपवर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकच जमाव असतो. गाणं बहुधा गोलपोस्टच्या बरोबर मागच्या मधल्या पट्ट्यातून उठतं, क्षणात दोन्ही बाजूंना पसरतं आणि कडेच्या माणसाला ते कुणी सुरू केलं हे कळायच्या आत त्याच्या तोंडी आलेलं असतं.

माझ्या शेजारचे आजोबा गोदीत हमाली करून निवृत्त झाले. लहानपणी ते कॉपच्या कोपऱ्यातल्या ‘बॉइज पेन’मध्ये जायचे. जाळ्या लावलेली पोरांसाठीची ती वेगळी जागा. तिकीट स्वस्त, धक्काबुक्की भरपूर. पेनमधून लोखंडी सळ्यांवर चढून, छपराच्या कैच्यांना लोंबकळून मोठ्यांच्या कॉपवर उडी टाकणं ही पोरांची परीक्षा असायची. त्यात जो पास झाला तो मोठा झाला. आजोबा सांगतात ते उभं राहण्याचं वर्णन ऐकून माझ्यातला अभियंता सावध होतो. गोल झाला की वरची माणसं लाटेसारखी खाली यायची, दहा-पंधरा पायऱ्या पुढे ढकलली जायची आणि लाट ओसरली की जवळजवळ मूळ जागी परत यायची. कित्येक क्षण पाय जमिनीला टेकायचे नाहीत. कुणाला भोवळ आली की त्याला डोक्यांवरून हातोहात खाली सरकवत मैदानाच्या कडेला रुग्णसेवकांकडे पोचवायचे. अनुभवी माणूस अडसराच्या पाठीमागे कधी उभा राहायचा नाही, कारण लाटेत पोट नळीवर चेपतं. तो अडसराच्या पुढे, त्याला पाठ लावून उभा राहायचा. हे शहाणपण बाप मुलाला द्यायचा. थंडीच्या रात्री ओल्या लोकरी कोटांची वाफ दिव्यांच्या झोतात छपरापर्यंत चढलेली दिसायची. २ फेब्रुवारी १९५२ रोजी वुल्व्हजविरुद्धच्या एफए कपच्या सामन्याला ॲनफिल्डवर ६१,९०५ माणसं होती. मैदानावरचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही.

तोवर कॉप ओरडत होता. गायला लागला तो साठच्या दशकात. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँक्ली व्यवस्थापक म्हणून आला तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत खितपत होता. खाणकामगारांच्या गावातून आलेला हा स्कॉटिश माणूस, चाहत्यांना संघाच्या बरोबरीचे मानायचा. १९६२ मध्ये संघ वर चढला, १९६४ मध्ये लीग जिंकली, १९६५ मध्ये क्लबच्या इतिहासातला पहिला एफए कप आला. याच वर्षांत बीटल्स आणि त्यांच्या जोडीचे शहरातले सारे बँड जगभर गाजत होते. सामन्याआधी मैदानाच्या भोंग्यांवरून त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजायची आणि कॉप ती उचलून म्हणायचा. ऑक्टोबर १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्स या बँडनं ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ आणलं. मूळ गाणं १९४५ च्या ‘कॅरूसेल’ या अमेरिकन संगीतनाटकातलं, नवरा गमावलेल्या बाईचं सांत्वन करणारं. बँडचं हे गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि यथाकाल यादीतून उतरलंही. कॉपनं मात्र ते सोडलं नाही. आज प्रत्येक सामन्याआधी मफलर दोन्ही हातांत ताणून धरून ते म्हटलं जातं.

एप्रिल १९६४ मध्ये आर्सेनलला ५-० हरवून लिव्हरपूलनं लीग घेतली, त्या दिवशी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाचा कॅमेरा कॉपकडे वळला होता. ते चित्रण उपलब्ध आहे आणि मी ते पुन्हा पुन्हा पाहते. कोट-टाय घातलेले गोदी कामगार, कारकून, शाळकरी पोरं. सगळी एका लयीत डावी-उजवीकडे डोलत ‘शी लव्ह्ज यू’ म्हणताहेत. निवेदक त्यांच्याकडे एखाद्या दूरच्या जमातीकडे पाहावं तसा पाहतो. चेहरे नीट पाहिले तर वेगळंच दिसतं. आठवडाभर ज्यांना कुणी विचारत नाही अशी माणसं शनिवारी दुपारी आपल्या शहराचा आवाज झालेली असतात, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक असतं.

या आवाजाला रीतही होती. पाहुणा गोलकीपर कॉपच्या टोकाला येतो तेव्हा त्याला टाळ्या मिळतात. ही प्रथा आजही पाळली जाते आणि गोलकीपर हात उंचावून तिचा मान ठेवतो. कॉप थट्टा करायचा तीही गाण्यातून. डिसेंबर १९६७ मध्ये लीड्सचा गोलकीपर गॅरी स्प्रेक चेंडू टाकायला गेला आणि हात फिरून चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. त्या वेळी डेस ओ’कॉनरचं ‘केअरलेस हँड्स’ गाजत होतं. कॉपनं तेच सुरू केलं. पण त्याच लीड्सनं एप्रिल १९६९ मध्ये ॲनफिल्डवर बरोबरी साधून लीग खिशात घातली, तेव्हा त्यांचे खेळाडू कॉपसमोर गेले आणि कॉपनं त्यांना विजेते म्हणून मनसोक्त गौरवलं. त्या वर्षी लीगमध्ये लीड्सच्या खालोखाल दुसरा आला होता तो लिव्हरपूलच. आमच्या कोल्हापुरात पेठांची ईर्ष्या जिवावर उठल्यासारखी असते आणि मला ती प्रिय आहे. तरी प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या गोलला दाद देणारा जाणता प्रेक्षक शाहू स्टेडियमवरही मी पाहिला आहे. जिथे खेळाची खरी जाण असते, तिथे हा दिलदारपणा येतोच.

१६ मार्च १९७७ ची रात्र जुने लोक सर्वांत वर ठेवतात. युरोपियन कपमध्ये फ्रान्सचा सेंट एतियेन संघ समोर. लिव्हरपूलला आणखी एक गोल हवा होता. बदली उतरलेल्या डेव्हिड फेअरक्लोनं ८४ व्या मिनिटाला कॉपसमोरच्या जाळ्यात चेंडू मारला. शेजारचे आजोबा त्या गोलनंतर जिथे उभे होते तिथून बरेच खाली, अनोळखी माणसाच्या मिठीत सापडले. एक बूट त्यांना परत मिळाला नाही.

१५ एप्रिल १९८९ ची दुपार मात्र याच उभं राहण्याच्या पायऱ्यांशी जोडलेली आहे. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य लढत होती. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लेपिंग्ज लेनचं टोक दिलं होतं. बाहेर कोंडी झाली, पोलिसांनी मोठं फाटक उघडलं आणि लोंढा बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत गेला. पुढे कुंपण, बाजूला कुंपण. एक अडसर मोडला. चेंगरून मेलेल्यांची संख्या पुढच्या वर्षांत ९७ झाली. शेवटचा बळी २०२१ मध्ये गेला. दोष चाहत्यांच्या माथी मारला गेला. आयांनी, बापांनी, भावंडांनी २७ वर्षं लढून तो पुसला. २०१६ मध्ये न्यायचौकशीतल्या ज्युरीनं स्पष्ट सांगितलं, की हे मृत्यू बेकायदा होते आणि चाहत्यांची काही चूक नव्हती.

दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी ॲनफिल्डची दारं उघडली. लोक आपण होऊन कॉपकडे आले. फुलं कॉपसमोरच्या गोलपासून ठेवत गेले आणि आठवडाभरात मैदानाचा अर्धा भाग फुलांनी झाकला. कॉपच्या पायऱ्यांवर, ज्या अडसराला टेकून जो उभा राहायचा, त्या नळीला त्याचा मफलर बांधला गेला. काही ठिकाणी शाळेची टोपी होती, काही ठिकाणी चिठ्ठी. स्टॅन्ली पार्क ओलांडून गुडिसनपासून ॲनफिल्डपर्यंत मफलरांना मफलर बांधून साखळी झाली, लिव्हरपूलचे लाल आणि एव्हर्टनचे निळे एकत्र. इटलीत सान सिरोवर मिलान-रेआल माद्रिद सामना मध्येच थांबवून शांतता पाळली गेली, तेव्हा मिलानचे चाहते कॉपचंच गाणं म्हणू लागले. सांत्वनासाठी लिहिलेलं गाणं आता खरोखरच त्या कामी आलं होतं. चेंगराचेंगरीपासून वाचवायला बसवलेल्या अडसरांवर लोकांनी आपला शोक बांधावा, हे बांधकामाच्या व्यवसायातल्या माणसानं कधी विसरू नये असं आहे.

हिल्सबरोबद्दलच्या न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर मोठ्या क्लबांची मैदानं पूर्ण बैठकीची करायचं ठरलं. ३० एप्रिल १९९४ ला कॉप शेवटचा उभा राहिला. सामना नॉर्विचशी होता आणि लिव्हरपूल ०-१ हरला. उभ्या कॉपसमोरचा शेवटचा गोल जेरेमी गॉसच्या नावावर आहे. जुने खेळाडू मैदानावर आले. शँक्लींच्या आणि त्यांच्यानंतरचे व्यवस्थापक बॉब पेझली यांच्या पत्नी, पेझलींनंतरचे व्यवस्थापक जो फेगन यांच्यासोबत चालत आल्या. मग बुलडोझर आले. राखेचा बांध उकरला गेला आणि त्या जागी १२,३९० खुर्च्यांचं नवं स्टँड उभं राहिलं. एकमजली ठेवलं, उतार ठेवला, छपराची झेप ठेवली. नाव बदलायचा विचारही कुणी केला नाही.

जुन्या लोकांना त्या पायऱ्यांची हळहळ आहे आणि ती मी समजू शकते. तरी माझं म्हणणं स्पष्ट आहे. २८,००० माणसं एका उतारावर सुटी सोडणं हा जिवाशी खेळ होता. इतकी वर्षं कॉपवर मोठी जीवितहानी झाली नाही, याचं श्रेय तिथल्या माणसांच्या एकमेकांना सांभाळण्याला जितकं आहे तितकंच नशिबाला आहे. सुरक्षितता आधी. पण सुरक्षितता म्हणजे खुर्चीच, हे समीकरण घाईचं होतं. जर्मनीत कठडे बसवलेल्या उभं राहण्याच्या जागा चालू राहिल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर आजही २४,००० हून अधिक माणसं उभी राहतात. ॲनफिल्डवर २०२१ मध्ये कठडेवाल्या खुर्च्या बसल्या, त्यांतल्या बहुतेक कॉपवर. आता रांगेत प्रत्येकापुढे कंबरेइतका कठडा आहे, लाट उठत नाही आणि माणसं सामनाभर उभी राहून गातात. कॉपवर खुर्च्या असूनही लोक वर्षानुवर्षं उभेच राहत होते. बांधणीला त्यांच्याशी जुळवून घ्यायला सव्वीस-सत्तावीस वर्षं लागली.

खुर्च्या आल्या, तिकिटं महागली, जगभरचे पर्यटक आले. कॉप आता पूर्वीचा राहिला नाही असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी ६ फेब्रुवारी २०१६ ची आठवण देते. नव्या मेन स्टँडमधल्या काही जागांचं तिकीट ७७ पौंड करायचं क्लबनं जाहीर केलं होतं. संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० नं पुढे असताना ७७ व्या मिनिटाला कॉपवरची आणि इतर स्टँडमधली सुमारे दहा हजार माणसं उठली आणि बाहेर चालू लागली. कॉप डोळ्यांदेखत रिकामा होत गेला. उरलेल्या मिनिटांत संडरलँडनं दोन गोल परत केले आणि सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. वाढलेल्या दराच्या बहुतेक जागा कॉपच्या नव्हत्याच. शेजारच्या स्टँडमध्ये बसणाऱ्या, उद्या बसू पाहणाऱ्या पोरांसाठी कॉप उठून गेला होता. जो आवाज सामना फिरवतो तो निघून गेला तर काय होतं, हे मालकांना नव्वद मिनिटांच्या आत दिसलं.

क्लबनंही ही जाण पुढे दाखवली. तीस वर्षांनी लीग जिंकली ती नेमकी कोविडच्या काळात. २२ जुलै २०२० ला मैदान रिकामं होतं, तेव्हा चषक उंचावण्यासाठी मंच उभारला तो कॉपवर. खेळाडू त्या पायऱ्या चढून गेले आणि कर्णधार जॉर्डन हेंडरसननं तिथून चषक वर केला. ज्यांना त्या दिवशी तिथे येता आलं नाही, त्यांची जागा अशी मानानं राखली गेली. एप्रिल २०२५ मध्ये टॉटनहॅमला ५-१ हरवून पुन्हा लीग जिंकली, तेव्हा मात्र कॉप खचाखच भरला होता. शेजारचे आजोबा नातीला घेऊन गेले होते.

हे सगळं मी कोल्हापूरच्या, पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या वाचकांसाठी लिहिते आहे, कारण मैदानं आपल्याकडेही नव्यानं बांधली जातात आणि पुढेही बांधली जातील. नकाशावर आधी पाहुण्यांची दालनं, मग वाहनतळ, मग दिव्यांचे मनोरे येतात. ज्या पायऱ्यांवर हलगी वाजते आणि पेठेची पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात, त्या शेवटी उरलेल्या जागेत कोंबल्या जातात. माझ्या व्यवसायबंधूंना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की हा क्रम उलटा करा. आवाज करणाऱ्या गर्दीची जागा आधी ठरवा. ती गोलच्या मागे, एकसंध उताराची, छपराखालची ठेवा. बाहेर पडायच्या वाटा रुंद आखा, कठडे पक्के बसवा, तिकीट गल्लीतल्या पोराला परवडेल असं ठेवा आणि काम सुरू करण्याआधी तिथे रोज उभ्या राहणाऱ्या माणसांना बोलवून त्यांचं ऐका. ते कुठे टेकतात, गाणं कुठून उठतं, रेटा कुठून येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. एवढं आपण केलं, तर पुढचं सगळं ती माणसं स्वतः उभं करतील.